दोन फळ्यांची होडी

साताऱ्याची माणसं दौंडला जातात ती पुढची गाडी पकडायला आणि शिरूरकडं जातात ती कुणाच्या तरी लग्नाला. आम्ही नवरा-बायको दोन्हीकडं गेलो ते होडी विकत घ्यायला. हे ऐकून आमच्या आळीतल्या बायका अजून तोंडाला पदर लावतात. लावू देत. दोन हजार चार-पाच सालच्या ऐन थंडीतले ते तीन दिवस. "तिकडं बघण्यासारखं आहे तरी काय?" असं मला फार जणांनी विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी हे खूळ कुठनं आलं ते सांगते. आमचे हे एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटात गेली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर डोळ्यांचं निघालं, काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, "समोरचं दिसणं शाबूत आहे. दोन्ही बाजूंचं गेलंय ते परत यायचं नाही. आहे ते औषधानं टिकवू. गाडी मात्र आजपासून बंद." यांनी घरी येऊन स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली आणि खुर्चीत बसले, ते वर्षभर बसलेच. चौकटीला खांदा आपटायचा, शेजारचा चहाचा कप हात लागून उडायचा, पण "इथं काय हाय गं?" असं एकदा म्हणून विचारलं नाही. वर माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही. "ड्रायव्हर आंधळा झाला म्हणतील," एवढंच म्हणाले. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, चाळीस-चाळीस पोरांना गप्प बसवलं. पण या एका माणसाला बोलतं करता येईना. मी भांडी आपटायची आणि मग मोरीत उभी राहून रडायची.

मग एका दुपारी टीव्हीवर कुठल्या तरी थंड देशातलं तळं दाखवत होते. लांबट, दोन्हीकडं निमुळत्या होडीत एक म्हातारा आणि एक म्हातारी, एकामागं एक बसून निवांत वल्हं मारत चालली होती. हे खुर्चीतनं पुढं सरकले.

"शालन, बघ की. ह्याला मागनं कोण हॉर्न मारत न्हाई. आरसा न्हाई, ओव्हरटेक न्हाई. हे मला जमंल."

वर्षभरात त्यांनी आपणहून एवढं बोलायची ही पहिली वेळ. मला पोहता येत नाही. विहिरीत वाकून बघायचं झालं तरी मी कठडा सोडत नाही. पण मी म्हटलं, "घ्यायची. कुठं मिळते ते शोधा." आमच्या माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे, पावसाळा सोडला तर पाणी अगदी गरीब, तिथं चालवता आली असती. पण साताऱ्यात होडीचं दुकान कुठलं? शेवटी यांच्या थोरल्या बहिणीच्या घरी, मांडवगण फराट्याला फोन केला, तर दाजी फोनवरच ओरडले, "आरं, होडीला काय तोटा! आमच्या दोन्ही अंगाला नदी हाय. या की!"

मांडवगण

दाजी खोटं बोलले नव्हते. या गावाच्या एका बाजूला घोड आणि दुसऱ्या बाजूला भीमा. आमच्याकडं मान वर केली की डोंगर. इथं कुठंही बघा, ऊस आणि त्याच्यावर थेट आभाळच. पहिले दोन तास मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत राहिलं. तोडणीचे दिवस होते. रस्ताभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, आणि प्रत्येकाच्या मागनं उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी फरफटत जाणारी.

आक्कांनी, म्हणजे यांच्या बहिणीनं, जेवायला मासवड्या केल्या होत्या. मासवडीत मासा नावालाही नसतो. बेसनाच्या पोळीत खोबरं, तीळ, लसणाचं सारण भरून, तिला माशासारखा आकार देऊन वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात खायच्या. दोन नद्यांच्या मधे राहून ही माणसं बेसनाचे मासे का करतात, असं मी विचारलं, तर आक्का म्हणाल्या, "नदीतल्या माशाला काटं असत्यात. हिला हायती का? गप खा." मी गप खाल्ल्या. सहा खाल्ल्या.

सकाळी दाजींनी आम्हाला नदीवर नेलं. काठावर पालथी घातलेली एक भली मोठी लोखंडी काहील. गूळ आटवायला गुऱ्हाळावर असते ना, तीच, चार माणसं सहज मावतील एवढी. बुडाला छिद्र पडलेलं, त्यावर पत्र्याचं ठिगळ.

"ही घ्या तुमची होडी," दाजी म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही! पूल नव्हता तेव्हा पलीकडं जायला इथं हेच साधन. "बायका, पोरं, शेरडं, लग्नाचं वऱ्हाड, समदं हिच्यातनंच पल्याड न्हेलंय. कवा कुणाचा पाय भिजला न्हाई."

"आणि वळवायची कशी?" यांनी विचारलं. ड्रायव्हरच शेवटी.

"वळवायची कशाला? पल्याड गेल्याशी मतलब."

हे दाजींबरोबर काहिलीत बसले. मी काठावरच राहिले, कारण कढईत बसून नदी ओलांडायला मी भजी नव्हे. दाजींनी वल्हं मारलं आणि काहील जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. यांचं तोंड माझ्याकडं, मग पाठ, मग पुन्हा तोंड. आणि हे हसत होते. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर, तोंड उघडं टाकून हसत होते. तो आवाज मी एका वर्षात ऐकला नव्हता. काहील असली तरी चालेल, हीच घेऊ, असं मला वाटून गेलं.

पण परत येऊन उतरताना यांनी डाव्या अंगाला पाय टाकला. तिथं काठ नव्हताच, काठ हातभर पुढं होता. गुडघ्याएवढ्या पाण्यात सपशेल पडले. दाजी "गाळ हाय, गाळ हाय" म्हणत धावले. यांनीही "व्हय, गाळच" म्हणून धोतरासारखी पँट झटकली. आक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी सगळं बघितलं. घरी आल्यावर चुलीपुढं मला एकटीला गाठलं.

"शालन, बाळूच्या डोळ्याला काय झालंय?"

"काही नाही आक्का. चष्म्याचा नंबर बदललाय."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटली. ज्या बाईनं यांना कडेवर घेऊन वाढवलं, तिच्या चुलीपुढं बसून मी खोटं बोलले.  होडी मिळो न मिळो, हा माणूस असाच मिटून राहिला तर पुढची वर्षं आम्ही कशी काढायची, हेच मनात येत राहिलं.

पारगावचं पात्र

दुसऱ्या दिवशी दाजींनी पारगावजवळ भीमेच्या काठी त्यांच्या ओळखीच्या म्हादूआप्पांकडं नेलं. म्हादूआप्पा भोई, सत्तरीचे. जाळं विणत बसले होते, आणि शेजारी त्यांची पत्र्याची होडी. आमची ओळख होताच त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"मासं धरायचं का?"

"न्हाई," हे म्हणाले.

"वाळू काढायची?"

"न्हाई."

"मंग नदीत जायचं कशापायी?"

"फिरायला. आम्ही दोघं."

आप्पांनी विणायचं थांबवलं. यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा यांच्याकडं. मग बायकोला हाक मारली, "अगं ए, भायेर ये. ही पावणी बग, नदीत फिरायला जायाची हायती. दोगं!" ती बाई हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "बरं हाय बाई तुमचं. मी पन्नास वर्सं ह्या नदीवर हाय, ह्यांनी एकदा न्हाई फिरवलं." आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चहा झाला तो कोरा, गुळाचा. त्यांच्याकडं पाव्हण्याला दुधाचा चहा दिला तर कमी दिला म्हणतात की काय कोण जाणे, पण तेवढा चांगला चहा मी साताऱ्यात प्यायलेली नाही.

होडीचं मात्र आप्पांनी अगदी पोटतिडिकीनं सांगितलं. रुंद होडी डुगडुगत नाही पण हलतही नाही, अरुंद पळते पण घाबरवते. तुमच्यासारख्यांनी मधली बघायची, तळ सपाट असलेली. "आन् एक ध्यानात ठेवा. दोगांनी उचलून धा पावलं चालून बगायचं. जमलं तर घ्यायची. न्हाई तर होडी तुमची न्हवं, तुमी होडीचं." लगेच आम्हाला त्यांची होडी उचलायला लावली. हे पुढून, मी मागून. माझं टोक जमिनीवरनं वीतभर उठलं आणि कमरेत कळ आली. आप्पा म्हणाले, "बास, बास. ही तुमची न्हाई."

हे खट्टू झाले. तेवढ्यात आप्पांना आठवलं. दौंडला रेल्वेतला एक म्हातारा इंजिन ड्रायव्हर आहे, हेन्रीसायेब. त्याच्याकडं दोघांची हलकी होडी आहे, एकेकाळी बायकोला घेऊन तो नदीला यायचा. आता बरीच वर्षं दिसला नाही. "विकंल न विकंल, बगून तर या."

"इंजिन ड्रायव्हर?" हे म्हणाले, आणि ताठ बसले.

दौंड

केडगाव स्टेशनावर दौंडच्या शटल गाडीला वेळ होता म्हणून शेजारच्या गुऱ्हाळावर गेलो. तिथल्या मालकानं आम्हाला पाव्हणे म्हणून कोमट काकवी दिली, उसाच्या कांडक्यानं ढवळून. आमच्याकडंही गुऱ्हाळं आहेत, पण आमचा गुऱ्हाळवाला काकवी देताना हात आखडतो. हा म्हणतो, "अजून घ्या, मामी." बोटं चिकट घेऊनच गाडीत बसलो. पाटसला कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरला तशी मी नाकाला पदर लावला. समोरची बाई म्हणाली, "आमाला तर ह्याच्याबिगर करमत न्हाई."

हेन्री अंकलचं घर रेल्वेच्या जुन्या वस्तीत. पुढं गुलाबाच्या कुंड्या, मागं चिंच, आणि चिंचेखाली दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली ती होडी. रेल्वेच्या डब्यासारखी तांबडी, दहा हात लांब, दोन्ही टोकं निमुळती, आत बसायला दोन आडव्या फळ्या. अंकलनी एका सुताराला हाताशी धरून स्वतः केलेली. ते तिला 'कॅनू' म्हणायचे. अंकल उंच, वाळलेले, हाफ पँटमधे. त्यांच्या डॉरिस आंटी गोल, गोऱ्या, फुलाफुलांच्या फ्रॉकमधे. दोघंही आमच्याशी मराठी बोलत, पण वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं.

"घुटने गेले, बाई," आंटी मला म्हणाल्या. "आता आत बसले तर मला बाहेर काढायला क्रेन पाहिजे. म्हणून विकायची. पण ऐसेवैसे को नहीं देणार."

आम्ही होडी उचलून बघितली. अंगणातनं दहा पावलं चाललो, मी एकदाही "अहो थांबा" म्हटलं नाही. मग अंकलनी शेजारची दोन माणसं बोलावून ती नदीवर आणली. माझ्या कमरेभोवती मोटारसायकलची फुगवलेली ट्यूब बांधली. त्या अवतारात मला माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं बघितलं असतं तर पुन्हा कधी बाई म्हणून हाक मारली नसती.

"कौन कुठं बसणार?" अंकलनी विचारलं.

"ड्रायव्हर पुढं बसतो," हे म्हणाले, आणि पुढच्या फळीवर जाऊन बसलेसुद्धा. मी मागं बसले. अंकलनी काठावर उकिडवे बसून बिडी पेटवली.

निघालो. हे दणादण वल्हं मारत होते, मी आपलं वल्हं डावीकडं पाण्यात धरून बसले होते, म्हैस दावणीला धरावी तसं. होडी डावीकडं वळली आणि जलपर्णीत घुसली. "प्रवाह लय ओढतोय," हे म्हणाले. कुठला प्रवाह? पाणी ताटात वाढल्यासारखं शांत होतं. कशीबशी बाहेर काढली. हात भरून आला म्हणून मी वल्हं उजवीकडं घेतलं, तर होडी उजवीकडं वळली. हे डावीकडं वळवायला जिवाचा आटापिटा करतायत, होडी खुशाल उजवीकडं. मी गुपचूप पुन्हा वल्हं डावीकडं टाकून बघितलं. डावीकडं! पुन्हा उजवीकडं. उजवीकडं! जन्मात मी साधी सायकल चालवली नव्हती, आणि इथं नवऱ्यासकट अख्खी होडी माझ्या मनगटावर फिरत होती. मला एवढं हसू आलं की ट्यूब हलायला लागली.

काठावरनं अंकल ओरडले, "भाईसाब! मॅडम चलाती है!"

परत आलो तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. दोघांच्या होडीत मागचा चालवतो, पुढचा ओढतो. वजनदार माणूस मागं पाहिजे, हेही सांगितलं, आणि माझ्याकडं बघणं टाळलं. मी हसत होते, पण यांचं तोंड बघितलं आणि हसू आटलं.

"म्हंजी मी क्लीनर," हे म्हणाले. "न्हाई. मी मागं बसतो. तू पुढं ये."

कुणी काही बोलायच्या आत मागं जाऊन बसले. मी पुढं बसले तशी होडीनं नाक खाली घातलं. यांना समोर माझी पाठ, बाजूचं तर दिसतच नाही. पन्नास हात गेलो असू. डाव्या बाजूला खडकावर बायका धुणं धूत होत्या. मला दिसत होतं की आपण सरळ तिकडं चाललोय. मी म्हटलं, "अहो, डावीकडं, डावीकडं बायका आहेत!" यांनी बघायला अख्खं अंग वळवलं, होडी कलंडली, भसकन पाणी आत आलं आणि आम्ही धाडकन खडकावर. एका बाईची बादली पाण्यात गेली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ मामा! दिसत न्हाई का?"

तिनं काही वावगं विचारलं नव्हतं. कुणीही विचारलं असतं. पण वर्षभर ज्या एका वाक्याला भिऊन हा माणूस खुर्चीत बसला होता, ते तिनं भर दुपारी नदीकाठी, दहा बायकांत विचारलं. मी मागं वळून बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही मला. बादली मी वल्ह्यानं ओढून दिली, हात जोडले, आणि कशीतरी काठाला आलो.

"चल," हे म्हणाले. "न्हाई घ्यायची. तिनाची गाडी मिळंल."

पण आंटींनी स्वयंपाक केला होता आणि जेवल्याशिवाय त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. खिम्याच्या गोळ्यांची आमटी, त्याला त्या बॉल करी म्हणतात, आणि नारळाच्या दुधातला पिवळा भात. मी माळकरी घरातली, मला वेगळी बटाट्याची भाजी केली होती, मी न सांगता. पाटाऐवजी टेबल होतं, आणि जेवायच्या आधी दोघांनी डोळे मिटून हात जोडले. आम्हीही जोडले. यांनी घास घेतला नाही. भाताकडं बघत बसले होते. आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्या तासाभराच्या ओळखीच्या माणसाला म्हणाले,

"त्या बाईनं खरं तेच ईचारलं, सायेब. मला बाजूचं दिसत न्हाई. वरीस झालं."

माझा हात भाजीतच राहिला.

अंकलनी काटा खाली ठेवला. "और सामने?"

"समोर चांगलं दिसतं. तो तिकडं सिग्नल हाय ना, त्याच्यावर कावळा बसलाय. तो दिसतोय."

अंकलनी खिडकीतनं बघितलं, डोळे बारीक केले. "मला तर सिग्नलच दिसत नाही!" मग हसले, खुर्ची यांच्याजवळ ओढली. "ऐका. छत्तीस साल मी इंजिन चालवला. माझ्या गाडीला स्टिअरिंग होता का? नाही. डावीकडं, उजवीकडं, मी कधी वळवलाच नाही. सगळं रूळ करतो. ड्रायव्हरनी काय करायचा? सामने बघायचा. सिग्नल बघायचा, रुळावर कोण आलं बघायचा, शिट्टी मारायची. मग मी काय क्लीनर होतो?"

यांनी मान वर केली.

"आणि नदीत," आंटी भात वाढत म्हणाल्या, "तीस साल मागं मी बसले. पुढं हा बसायचा आणि ओरडायचा, पत्थर! पत्थर! मला तर याच्या पाठीशिवाय काहीच दिसायचा नाही. हा ओरडला नसता तर कब की डूब गयी होती मैं. खा आता. ठंडा होतोय."

हे जेवले. दोनदा भात घेतला. हात धुताना मागं उभ्या असलेल्या मला म्हणाले, "आक्काला मीच सांगतो. तू खोटं बोलू नको आता तिच्याशी." मला वाटलं होतं त्यांना कळलेलं नाही. मी टॉवेल पुढं केला. म्हटलं, "हा घ्या टॉवेल, उजव्या हाताला." त्यांनी न चाचपडता घेतला.

उन्हं कलली तेव्हा पुन्हा पाण्यात गेलो. या वेळी कुणी विचारलं नाही कोण कुठं बसणार. हे पुढच्या फळीवर बसले, ताठ, हात वल्ह्यावर. मी मागं. मी भीत होतेच, ट्यूबही होतीच. धुणं धुणाऱ्या बायका अजून होत्या. मघाची ती बाई आम्हाला येताना बघून आपली बादली उचलून पोटाशी धरून उभी राहिली. मी लांबूनच होडी नीट उजवीकडं घेतली. ती हसली आणि तिनं बादली खाली ठेवली.

"दगड हाय पुढं," हे म्हणाले. मला काही दिसत नव्हतं. "पाण्याखाली हाय. अजून उजवीकडं घे. बास. सरळ."

मी घेतली. दगड माझ्या अगदी जवळनं, काळा, शेवाळलेला, मागं गेला. यांनी तो पंधरा हातांवरनं पाहिला होता. पुढं एक बांबू रोवलेला, त्याला जाळं बांधलेलं. तेही यांनीच सांगितलं. आम्ही पुलाच्या दिशेनं चाललो होतो. मी वल्हं मारत होते आणि त्यांच्या मानेकडं बघत होते. घाटात इतकी वर्षं त्यांच्या मागं बसून गेलेल्या माणसांनी ही मान बघितली असेल. मी कधी बघितली नव्हती, मी नेहमी शाळेत असायची. केस पार पांढरे झालेत, कानामागं एक तीळ आहे. मला त्यांची फार माया आली, आणि वल्ह्यानं पाणीही जरा जास्तच उडालं.

पूल जवळ आला तसे हे वल्हं मारायचे थांबले. मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाले,

"शालन, डाव्या अंगाला काय काय हाय गं?"

मी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. मग मी सांगायला लागले. डावीकडं काठाला तीन म्हशी पाण्यात बसल्यात, एकीच्या पाठीवर बगळा. त्याच्या वर ऊस, त्याला तुरे आलेत. एक माणूस मोटर चालू करायला खाली उतरतोय, त्याचा मफलर लाल आहे. पुलावरनं मालगाडी निघालीय, डबे मोजायचे राहून गेले. एक पोपटी पक्षी तारेवर, नाव मला येत नाही.

"मफलर लाल?"

"लालच."

"बरं," हे म्हणाले आणि पुन्हा वल्हं पाण्यात घातलं. "आता उजवीकडचं सांग."